एकदा झालं म्हणजे झालं

उल्हासबाब,

काल तुमच्या बाराव्याला सर्वणला, तुमच्या घरी आले होते. जेवणं उरकल्यावर माणसं सोप्यावर बसली आणि तुमच्याविषयी बोलू लागली. भजनात तुम्ही हार्मोनियम किती छान वाजवायचा, पानात काहीही पडलं तरी कधी नाक मुरडलं नाहीत, वाड्यावर कुणाचं आजारपण निघालं की स्कूटर घेऊन कसे हजर व्हायचा. सगळं खरंच होतं. मग फोंड्याहून आलेल्या तुमच्या साडूंनी विचारलं, पण ते कंपनीत नेमकं करायचे काय? कुणी म्हणालं, रेडिओचं काम होतं. तुमचा पुतण्या म्हणाला, कंप्युटरमध्ये होते. सुनंदावहिनी माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांनाही ते कधी धड सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी उठून चहाचे कप गोळा करायला लागले. तुमच्याच घरात बसून तुमच्या कामावर भाषण करणं मला जमलं नसतं. शिवाय मला जे बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच, तुमच्याशी होतं.

तुम्ही यंत्राच्या पोटातला मेंदू बनवायचात. पडदा नाही, बटणांची पाटी नाही, कंप्युटर म्हणून कुणाला ओळखूही येणार नाही असा मेंदू. खाणीवरच्या ट्रकांचं वजन करणाऱ्या काट्यात तो असायचा, पाण्याच्या पंपाच्या डब्यात असायचा. लोक रोज त्याच्या जिवावर काम करतात आणि तो बिघडला तरच त्यांना आठवतो. त्यातलं सर्किट तुम्ही करायचात, आणि त्या सर्किटाला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम मी लिहायचे. म्हणजे काही बिघडलं की चूक सर्किटाची की प्रोग्रामाची, यावरून आपलं भांडण ठरलेलं. एका मेजावर समोरासमोर बसून आपण आयुष्यभर हेच भांडलो.

मी पहिल्यांदा आले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. फोंड्याच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. धारगळहून म्हापशाला, तिथे बस बदलून डिचोलीला, आणि मग औद्योगिक वसाहतीपर्यंत चालत. मालकांनी माझे गुण बघितले आणि मला तुमच्यापुढे बसवलं. तुम्ही सोल्डरिंग करत होता. मान वर न करता तुम्ही एकच प्रश्न विचारलात.

"वीज गेली की तुझो प्रोग्राम काय करतलो?"

"बंद पडणार," मी म्हणाले.

"आनी परत इली की?"

यावर मी काहीच बोलू शकले नाही. कॉलेजात वीज परत येण्याविषयी कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही बोर्डावर फुंकर मारलीत, चष्मा वर केलात आणि म्हणालात की आपल्याकडे वीज जाते त्याची काळजी करू नको, ती येते तेव्हाची काळजी कर. अर्धवट जागं झालेलं यंत्र बंद यंत्रापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. मला अजूनही वाटतं की त्या न आलेल्या उत्तरावरच तुम्ही मला घेतलंत, कारण खोटं उत्तर देणारी दुसरी मुलगी तुम्ही आदल्याच आठवड्यात परत पाठवली होती.

काट्यांची ती वर्षं लाल धुळीची होती. खाणीवरून दुरुस्तीला आलेला डबा उघडला की आधी पसाभर लाल माती मेजावर पडायची. तुम्ही ती ब्रशने गोळा करायचात आणि प्रत्येक डब्यात ती कुठून शिरली ते शोधायचात. पुढच्या काट्यात ती फट नसायची. नवीन काही शोधून काढल्याचा आव तुम्ही कधी आणला नाहीत. फट दिसली, बुजवली. पण आपले काटे बंद पडत नाहीत हे ट्रकवाल्यांना माहीत झालं होतं, आणि सावंतवाडीकडचे ड्रायव्हर डिचोलीत भेटले की तुम्हाला 'काट्याचे साहेब' म्हणून हाक मारायचे. तुम्हाला ते आवडायचं. लपवायचात, पण आवडायचं.

मग खाणी बंद पडल्या. काटे घेणार कोण? आपल्या शेडमधली अर्धीअधिक माणसं गेली, आणि दुपारच्या जेवणाला लांबच लांब मेजावर आपण चार माणसं उरलो. मालक कुठून तरी एक काम घेऊन आले: नवजात बाळांसाठी वॉर्मर. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ स्वतःला ऊब देऊ शकत नाही. त्याला गादीवर ठेवतात आणि वर हीटर असतो. बाळाच्या पोटावर एक इवलासा सेन्सर चिकटवतात, तो अंगाचं तापमान सांगतो आणि आपला मेंदू त्याप्रमाणे हीटर कमीजास्त करतो. ऐकायला सोपं. ज्या दिवशी मालकांनी हे सांगितलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. डबा तसाच घरी नेलात. मी विचारलं तर म्हणालात, "काट्यान चूक केली तर ट्रक परत तोलता येता."

इतकंच.

तिथूनच आपलं सगळ्यात मोठं भांडण सुरू झालं. सेन्सर विचित्र काही सांगू लागला, म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवता येईना, तर हीटरने काय करायचं? तुमचं म्हणणं, घंटा वाजवायची आणि हीटर सरळ बंद. ज्या यंत्राला काही कळत नाही त्याने हात आखडून बसावं. माझं म्हणणं, बाळ उघडं आहे, खोलीत एसी आहे, हीटर बंद झाला आणि कुणी आलं नाही तर ते गारठेल. तेव्हा घंटा वाजवायची पण मंद ऊब चालू ठेवायची. तुम्ही म्हणायचात, भाजलेलं बाळ मी बघू शकणार नाही. मी म्हणायचे, गारठलेलं बघाल? कितीतरी दिवस आपण एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. शेवटी तडजोड झाली. थोडा वेळ मंद ऊब आणि जोराची घंटा. तोवर कुणी येऊन बटण दाबलं नाही तर हीटर बंद. अर्धं तुमचं, अर्धं माझं. दोघांचंही समाधान नव्हतं, म्हणून बहुतेक ते बरोबर असावं.

पहिले वॉर्मर तयार झाले. तपासणीला सगळे एका ओळीत चालू ठेवले होते. हॉस्पिटलं थांबली होती, मालक रोज दोनदा खाली येऊन बघून जात होते. आणि एका सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीलगतच्या वॉर्मरचं तापमान काहीही कारण नसताना वर चढलं होतं आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आलं होतं. तुम्ही ते डोळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या कुणी नाही. मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, तुम्ही सर्किट तपासलंत. काही सापडेना, आणि पुन्हा काही घडेनाही. मालक म्हणाले, एकदाच झालं ना, आता सगळं ठीक चाललंय ना, मग पाठवू या.

तुम्ही उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत.

"एकदा झालं म्हणजे झालं," तुम्ही म्हणालात. "कशाक झालं ता कळल्याबगर मी हे भायर काढू दिवचो नाय."

मालकांनी विचारलं, किती दिवस लागतील. तुम्ही म्हणालात, सांगू शकत नाही. ते म्हणाले, कंपनी बंद पडेल त्याला जबाबदार कोण? तुम्ही म्हणालात, मी. मालक वर गेले. घरी लग्नाचं कर्ज चालू होतं, माझ्या नवऱ्याचं, संदीपचं काम खाणीबरोबरच गेलं होतं, आणि तुम्ही आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय देताय असं मला वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "रागाव गो. पण राग काढता काढता ती वायर धर जरा."

पुढचे कितीतरी दिवस आपण दोघं त्या एका वॉर्मरपाशी होतो. मालक खाली यायचे, बघायचे, आणि परत जायचे. पाठवा म्हणून मात्र ते पुन्हा बोलले नाहीत. माणूस म्हणून तेही वाईट नव्हते. एका सकाळी धो धो पाऊस होता. जेवायला अजून वेळ होता, पण मला भूक लागली म्हणून मी डबा उघडून मिठाची पुडी सोडली, तर मिठाचा गोळा झालेला. मी सहज म्हणाले की या हवेत मिठालाही पाणी सुटतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग सेन्सरची पिन काढून घेतलीत आणि माझ्या चहाच्या वाफेवर धरलीत. पुसलीत, पुन्हा जोडलीत. आकडा हळूहळू वर चढू लागला.

म्हणजे दोष सर्किटाचा नव्हता आणि प्रोग्रामाचाही नव्हता. आपल्याकडच्या ओल्या हवेचा होता. पिनांच्या मधे नजरेला न दिसणारी ओल साचत होती, तिच्यातून किंचित वीज झिरपत होती, आणि त्यामुळे यंत्राला बाळ आहे त्यापेक्षा गरम वाटत होतं. म्हणजे त्याने ऊब कमी केली असती. खिडकीपाशी, पावसाळी सकाळी, घंटाही न वाजवता. बाळ हळूहळू गारठलं असतं आणि आकडा मात्र छान दिसला असता. हे लक्षात आलं तसे आपण दोघंही खुर्चीत बसलो. तुम्ही रुमालाने चष्मा पुसलात, बराच वेळ पुसत राहिलात. मग वर जाऊन मालकांना सांगितलंत, आणि पिनांची सगळी रचना बदलायला घेतलीत.

यानंतरचं जे आहे, त्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, आणि तन्वी वेळेच्या खूप आधी जन्मली. म्हापशाच्या त्या नर्सिंग होममध्ये तिला माझ्यापासून उचलून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला व्हीलचेअरवरून तिच्याकडे नेलं, तेव्हा मला बाळाच्या आधी वॉर्मर दिसला. आपला होता. पुढच्या पट्टीचा तो निळा रंग मीच निवडला होता. त्याच्याखाली माझी मुलगी होती, मुठीएवढी, आणि तिच्या पोटावर आपला सेन्सर.

आणि वॉर्मरच्या पलीकडे तुम्ही उभे होता. आत कुणाला सोडत नव्हते. तुम्ही नर्सला सांगितलं होतं की कंपनीकडून मशीन बघायला आलोय. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होताच, त्यामुळे तिचा विश्वास बसला. मला बघून तुम्ही मान हलवलीत, पण तन्वीकडे तुम्ही बघत नव्हता. तुम्ही आकड्याकडे बघत होता. संदीप औषधं आणायला गेला होता. आपण दोघं तसेच होतो, मधे ती, जसं इतकी वर्षं आपल्या मधे मेज असायचं.

थोड्या वेळाने तिने पाय झाडला आणि सेन्सर सुटला. घंटा वाजली. ती घंटा मी हजारदा वाजवून बघितली होती, पण अशी कधी ऐकली नव्हती. हीटर मंद झाला. ठरवलं होतं तसाच. नर्स आली, सेन्सर पुसून पुन्हा चिकटवला, बटण दाबलं, आणि तन्वीच्या कपाळावरून बोट फिरवून दुसऱ्या बाळाकडे गेली. तिच्या दृष्टीने दिवसातून पुष्कळदा होणारी गोष्ट.

नर्स लांब गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "बघ. हीटर बंद केल्लो तरी चलता. ती बेगीन इली."

मला हसू आलं आणि रडूही. तिथेसुद्धा तुम्ही भांडण सोडलं नव्हतंत. मी म्हणाले, "आणि ती आली नसती तर?"

"मी उभो होतो न्हय गो," तुम्ही म्हणालात.

मग पहिल्यांदा तुम्ही तन्वीकडे बघितलंत.

तुम्ही त्यानंतर रोज येत राहिलात हे मला पुढे नर्सकडून कळलं. मशीन रोज बघावं लागतं का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, हो, लागतं.

आता जे कधी बोलले नाही ते सांगते. मालकांपुढे तुम्ही उभे राहिलात, त्या दिवशी मी तुमच्यावर रागावले होते. आपण कुणासाठी थांबतोय हे कुणालाच माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. तुम्ही कुठल्याशा बाळासाठी थांबलात, आणि ते बाळ माझं निघालं. हे मला त्या व्हीलचेअरवर बसल्या बसल्या समजलं होतं. पण ते तोंडाने म्हटलं असतं तर तुम्ही नक्की विषय बदलला असता, स्कूटरच्या किल्ल्या शोधू लागला असता. म्हणून गणपतीत, चवथीला तन्वीला घेऊन तुमच्याकडे यायचे, ती तुमच्या हार्मोनियमच्या भात्यावर हात आपटायची, तुम्ही तिला आपटू द्यायचात, आणि तेवढ्यावर आपलं भागायचं. ती आता पाचवीत आहे. गणितात कच्ची आहे, चित्रं छान काढते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तिला काडीचाही रस नाही. तुम्ही म्हणायचात, बरं झालं, घरात एक तरी माणूस शहाणं हवं.

तुम्ही निवृत्त झालात, मग ते पोटाचं दुखणं निघालं. शेवटची भेट झाली तेव्हा तुम्ही सोप्यावर उशीला टेकून बसला होता. वहिनींनी पेज दिली होती, ती तुम्ही नुसती ढवळत होता. तब्येतीचं विचारलं तर म्हणालात, त्याचं डॉक्टर बघताहेत, तू काय करते आहेस ते सांग. मी नव्या वॉर्मरविषयी सांगितलं. आता ते इंटरनेटला जोडलेले असतात. प्रोग्रामात सुधारणा करायची तर ऑफिसात बसून गोवाभर एकदम पाठवता येते. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुमच्या कपाळावर आठी आली.

तुम्ही म्हणालात की हे बरोबर नाही. एकदा यंत्र लोकांच्या हाती दिलं की ते त्यांचं. त्यात हात घालायचा तर त्यांच्या दारात जावं, चपला काढाव्यात, विचारावं आणि मग घालावा. मी म्हटलं, आणि तोवर चूक तशीच राहू द्यायची? पेडण्यापासून काणकोणापर्यंत फिरायला मला महिना लागेल. एका दिवसात सगळी बाळं सुरक्षित होत असतील तर चपला कसल्या काढायच्या? तुम्ही चमचा खाली ठेवलात. तुमच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती, आणि मला बरं वाटलं की तुम्ही चिडलात.

"याक उत्तर आसा माझ्याकडे," तुम्ही म्हणालात. "पण आता दमलंय गो. फुडल्या खेपेक सांगतंय."

पुढची खेप आली ती तुम्हाला पोचवायची.

तुमचं उत्तर काय असणार याचा मी या दिवसांत खूप विचार केला. पाठवायची सुधारणा तयार होती. तुमच्या बाराव्याहून परत आले आणि आज सकाळी ऑफिसात जायच्या ऐवजी गाडी पेडण्याकडे वळवली. तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आपला वॉर्मर आहे. तिथल्या नर्स, माझ्याहून मोठ्या, मला बघून गोंधळल्या. म्हणाल्या, इंटरनेटवरून होईल असं कळवलं होतं ना? मी म्हटलं, हो, पण आधी बघून जाते. चपला बाहेर काढल्या.

वॉर्मर उघड्या जनेलाखाली होता. खोलीत दुसरीकडे प्लग नव्हता. बाळाच्या अंगावर थेट वारा येत होता, आणि हीटर बिचारा धापा टाकत त्याच्याशी झुंजत होता. प्रोग्रामात याचं उत्तर नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून वॉर्मर सरकवला, वायरमनला फोन करून दुसऱ्या भिंतीवर प्लग घ्यायला लावला, आणि मग मी तिथेच उभी राहून सुधारणा टाकली. सगळं नीट सुरू झालं हे डोळ्यांनी बघितलं. नर्सबाईंनी चहा आणि पोदेराच्या भट्टीतले गरम पाव दिले. तिथे बसून मला वाटलं, तुमचं उत्तर हेच असणार.

पण उल्हासबाब, मी एक गोष्ट सांगून ठेवते. पेडण्याला मी गेले, डिचोलीलाही जाईन. बाकीच्या ठिकाणी मात्र सुधारणा ऑफिसातूनच पाठवणार आहे, उद्याच. महिनाभर वाट बघणं मला पटत नाही. सगळीकडे जाईन, पण नंतर. अर्धं तुमचं, अर्धं माझं.

तुम्हाला हे मान्य नसणार. बोला आता.